शब्द खरे, पण बोलणे?



गेल्या महिन्यात रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात आम्ही सातवीच्या मुलांना आठवी आज्ञा शिकवत होतो. धडा संपल्यावर एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "फादर, मी एक अक्षरसुद्धा खोटं बोललो नाही, तरी आई म्हणते मी तिला फसवलं. मग मला पाप लागलं का?"

चौकशी केली तेव्हा प्रकार कळला. आईने विचारले होते, "अभ्यास केलास का?" चिरंजीवांनी उत्तर दिले होते, "गणिताचं पुस्तक दोन तास समोर उघडं होतं." पुस्तक खरोखरच उघडे होते. हातात मात्र मोबाइल होता.

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण उत्तर लगेच दिले नाही. "विचार करून सांगतो," म्हणालो. मुलांना वाटले असेल, एवढ्या साध्या प्रश्नाला फादरांना विचार कशाला करावा लागतो! खरे कारण असे, की हा प्रश्न आमच्याही अंगाशी येऊन गेला आहे. त्याचे उत्तर आज या पानावर तुम्हा सर्वांसमोर द्यायचे ठरवले आहे. त्यासाठी थोडे तत्त्वज्ञानाकडे वळावे लागेल. कंटाळू नका, वाट फार लांबची नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक विचारपरंपरा अभ्यासाला होती. तिला विश्लेषणात्मक तत्त्वज्ञान म्हणतात. येना या जर्मन शहरातील गणिती गोटलोब फ्रेग, केंब्रिजचे बर्ट्रंड रसेल आणि लुडविग विटगेन्स्टाइन ही तिच्यातली मोठी नावे. या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे: जग कसे आहे, चांगले म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, असे प्रश्न हाती घेण्यापूर्वी आपण जी वाक्ये बोलतो त्यांचा अर्थ नेमका कसा लागतो ते आधी पाहू. फ्रेगने १८९२ साली दाखवून दिले, की पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा ही दोन नावे एकाच शुक्राची आहेत, तरी त्यांचा आशय एक नाही. कारण दोन्ही एकच आहेत हे माणसाला शोधून काढावे लागले. तरुणपणी आम्हाला हा सगळा शब्दांचा कीस वाटायचा. परीक्षा दिली आणि वह्या माळ्यावर टाकल्या.

पुढे धर्मग्रामात काम करू लागलो तेव्हा एकेक गोष्ट आठवू लागली. ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात व्याख्याने दिली. त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. ऑस्टिन म्हणतात, काही वाक्ये बातमी देत नाहीत, काम करतात. वेदीसमोर नवरा-नवरी संमती देतात तेव्हा ती लग्नाविषयी माहिती देत नसतात. ती त्या शब्दांनी लग्नच करत असतात. "मी वचन देतो" म्हणणे म्हणजेच वचन देणे. बोलणे ही कृती आहे, आणि कृतीचा जाब द्यावा लागतो. इतकी लग्ने लावल्यावर हे आम्हाला वेगळे शिकवायला नको.

पण आमच्या मनात घर करून राहिले ते ऑक्सफर्डचेच दुसरे तत्त्वज्ञ, पॉल ग्राइस. १९६७ साली त्यांनीही हार्वर्डला व्याख्याने दिली. त्यांतले एक १९७५ साली छापून आले आणि जगभर गाजले. त्यांचा मुद्दा अगदी घरगुती आहे. माणसे एकमेकांशी बोलतात तेव्हा न ठरवता एक करार पाळतात: आपण एकमेकांना सहकार्य करायचे. जेवढे सांगायला हवे तेवढे सांगायचे. खरे सांगायचे. विषयाला धरून बोलायचे. समजेल असे बोलायचे. हा करार पाळला जातो आहे असे धरून चालल्यामुळे ऐकणारा न बोललेलेही समजून घेतो.

ग्राइस उदाहरण देतात. रस्त्यात एकाच्या गाडीचे पेट्रोल संपले आहे. दुसरा म्हणतो, "त्या वळणावर एक गॅरेज आहे." गॅरेज उघडे आहे, तिथे पेट्रोल मिळेल, असे तो बोललेला नाही. तरी आपण तसे समजतो, आणि समजणे रास्त आहे. ते गॅरेज बंद आहे हे ठाऊक असूनही तो तसे म्हणाला असेल, तर त्याचे वाक्य खरे असेल, पण त्याने आपल्याला फसवले.

त्यांचे दुसरे उदाहरण पत्राचे आहे. एक विद्यार्थी तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज करतो. त्याचे प्राध्यापक शिफारसपत्रात एवढेच लिहितात, की याची भाषा उत्तम आहे आणि वर्गातली हजेरी नियमित आहे. बस्स. पत्र वाचणारा लगेच ओळखतो: तत्त्वज्ञानाविषयी एक शब्द नाही, म्हणजे मुलगा त्यात कच्चा आहे. प्राध्यापकांनी न लिहिता लिहिले, वाचणाऱ्याने न वाचता वाचले.

आता आमच्या पत्राची गोष्ट सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथल्या एका मुलासाठी बाहेरगावच्या मुलीचे स्थळ आले होते. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे चौकशीचे पत्र पाठवले: मुलगा कसा आहे, घर कसे आहे, फादरांनी चार ओळी लिहाव्यात. आम्ही लिहिले, की कुटुंब धार्मिक आहे, आई रोज मिस्साला येते, मुलगा गायनवृंदात गातो, नोकरी कायमची आहे. प्रत्येक वाक्य खरे होते. मुलगा दारूच्या आहारी गेला आहे हे आम्ही लिहिले नाही. ही गोष्ट आम्हाला पापनिवेदनातून कळली नव्हती. तसे असते तर प्रश्नच नव्हता, तिथे धर्मगुरूचे तोंड कायमचे बंद असते. आळीत सगळ्यांनाच ती ठाऊक होती आणि आम्ही स्वतः त्याला दोनदा रात्री रस्त्यावरून उठवून घरी पोहोचवले होते.

मग का लिहिले नाही? त्याची आई कार्यालयात येऊन रडली होती. "लग्न झालं की सुधारेल, फादर. तुम्ही लिहिलंत तर त्याला कुणी मुलगी देणार नाही." आम्हाला तिची दया आली. खोटे लिहायचे नव्हते आणि खरे लिहवत नव्हते. तेव्हा खऱ्या वाक्यांची एक छान रांग लावली. मनाला समजावले, की जाणत्या माणसाला ओळींमधले वाचता येईल. ग्राइसच्या प्राध्यापकासारखेच आपण केले आहे असे वाटले. माळ्यावरच्या वह्या अशा वेळी बरोबर आठवतात!

लग्न झाले. तीन वर्षांनी ती मुलगी कडेवर लेकरू घेऊन आमच्याकडे आली. माहेरच्या कागदांत तिला ते पत्र सापडले होते. तिने ते टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "फादर, मी चार वेळा वाचलं. यात खोटं काहीच नाही." एवढे बोलून ती गप्प राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. पुढे काय झाले ते सांगण्याचा अधिकार तिचा आहे, आमचा नाही. एवढेही तिला विचारून लिहीत आहोत.

त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाकडे परत परत येत आहोत. खरे शब्द वापरून फसवणे हे खोटे बोलण्यापेक्षा कमी वाईट आहे का?

तसे मानणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे "नरो वा कुंजरो वा" हा वाक्प्रचार सर्वांना ठाऊक आहे. अश्वत्थामा मेला असे धर्मराज मोठ्याने म्हणाला आणि हत्तीचा उल्लेख द्रोणाचार्यांना ऐकू जाणार नाही असा केला. तांत्रिकदृष्ट्या सुटला. पण कथा रचणाऱ्यांनी त्याला सोडले नाही. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला.

आपल्या ख्रिस्तसभेतही हा वाद झाला आहे. काही नीतिशास्त्रज्ञ असे शिकवू लागले होते, की माणसाने अर्धे वाक्य तोंडाने बोलावे आणि उरलेले मनात म्हणावे, म्हणजे ते खोटे ठरत नाही. "मी ते केले नाही" असे उघड म्हणायचे आणि "आज सकाळी" एवढे मनात जोडायचे. ही पळवाट फार सैल झाली तेव्हा १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी तिचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. मनातले वाक्य देवाला ऐकू येते हे खरे, पण आपण बोलत असतो शेजाऱ्याशी.

इमॅन्युएल कांट हे तत्त्वज्ञ खोटे बोलण्याच्या बाबतीत फार कडक. दारात खुनी आला आणि आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला, तरी खोटे बोलू नये, असे त्यांनी १७९७ साली एका निबंधात लिहिले. पण १७९४ साली प्रशियाच्या राजाने धर्मावरील लिखाणाबद्दल त्यांना ताकीद दिली, तेव्हा कांट यांनी उत्तर पाठवले, की महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने आपण धर्मावर जाहीरपणे बोलणार वा लिहिणार नाही. १७९७ मध्ये राजा वारला. लगोलग १७९८ साली कांट यांनी धर्मावर पुस्तक छापले आणि खुलासा केला, की ते शब्द आपण मुद्दामच तसे निवडले होते. प्रजाजन त्या राजाचे होतो, तो गेला, वचन संपले! एवढा कडक माणूस, पण शब्दांत खिडकी ठेवून गेला.

या बाजूने एक बरा युक्तिवाद आहे, तो डावलून चालणार नाही. खोटे वाक्य ऐकणाऱ्याला पुढे जागाच ठेवत नाही. खऱ्या पण अपुऱ्या वाक्यानंतर तो आणखी विचारू शकतो. मुलीचे वडील विचारू शकत होते, "फादर, मुलगा पितो का?" त्यांनी विचारले नाही. निष्कर्ष त्यांनी काढला, आम्ही नाही.

हे ऐकायला ठीक वाटते. पण त्यांनी का विचारले नाही? कारण त्यांनी धर्मगुरूला पत्र लिहिले होते. सांगण्यासारखे काही असते तर फादरांनी सांगितलेच असते, असे त्यांनी धरले. ग्राइस ज्याला सहकार्य म्हणतात, तेच हे. आम्ही त्यांच्या अज्ञानाचा फायदा घेतला नाही, त्यांच्या विश्वासाचा घेतला. निष्कर्षाच्या दारापर्यंत आम्हीच त्यांना हाताला धरून नेले आणि आत ते स्वतः गेले म्हणून हात झटकले. इंग्लंडमध्ये अध्यापन केलेल्या जेनिफर सॉल या तत्त्वज्ञ बाईंनी २०१२ साली याच विषयावर एक पुस्तक लिहिले. त्यांचाही निष्कर्ष असाच आहे, की दिशाभूल करणे हे केवळ खोटे बोलणे नाही म्हणून अधिक चांगले ठरत नाही.

आणि ग्राइसच्या प्राध्यापकाशी आमची तुलना? तीही टिकत नाही. त्या प्राध्यापकाची इच्छा होती, की वाचणाऱ्याने न लिहिलेले ओळखावे. आमची इच्छा होती, की ओळखू नये. पत्राची धाटणी तीच, पण त्यांच्या पत्राने सत्य पोहोचवले, आमच्या पत्राने अडवले.

या बाबतीत आम्हा धर्मगुरूंना बाहेर बोट दाखवायची सोय नाही. आयर्लंडमध्ये डब्लिन महाधर्मप्रांतातील बालकांवरच्या अत्याचारांची चौकशी झाली आणि २००९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात एक प्रसंग नोंदवला आहे. अत्याचारपीडितांना भरपाई देण्यासाठी धर्मप्रांताचा पैसा "वापरला जात नाही" असे तिथल्या आर्चबिशपांनी पत्रकारांना सांगितले होते. पुढे त्यांनी स्पष्ट केले, की आपण वर्तमानकाळ वापरला होता, पूर्वी "वापरला गेला नाही" असे आपण म्हटलेच नव्हते. एका क्रियापदाच्या काळामागे केवढे दुःख लपवले गेले! हे वाचले तेव्हा आम्हाला आमची चार ओळींची चिठ्ठी आठवली. आकार लहान होता, पण जात तीच.

मग काय, मनात येईल ते सगळ्यांना सांगत सुटायचे? तसे नाही. चौथ्या शतकातील आलेक्झांड्रियाचे बिशप संत अथनासियस यांची एक कथा सांगतात. ते नदीतून होडीने पळत होते. पाठलाग करणाऱ्या शिपायांनी त्यांना न ओळखता विचारले, "अथनासियस कुठे आहे?" ते म्हणाले, "इथून फार लांब नाही." शिपाई पुढे निघून गेले. पीटर गीच या कॅथलिक तत्त्वज्ञाने ही कथा कौतुकाने सांगितली आहे. आम्हालाही ती आवडते. पण आमच्या मते अथनासियस निर्दोष ठरतात ते वाक्य खरे होते म्हणून नव्हे. विचारणाऱ्यांना ते कळण्याचा अधिकार नव्हता म्हणून. मुलीच्या वडिलांना तो अधिकार होता. आपली लेक ते एका घरात देत होते.

संत ऑगस्टीन यांनी खोटेपणावर दोन पुस्तके लिहिली. सत्य झाकून ठेवणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे, हे त्यांनी मान्य केले. गप्प राहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याची अब्रू राखणे हे तर कर्तव्य आहे. आठवी आज्ञा खोट्याविरुद्ध आहे तशी चहाडीविरुद्धही आहे. पण गप्प राहणारा माणूस "मी गप्प आहे" हे लपवत नाही. आम्ही गप्पही राहिलो आणि बोलल्याचे सोंगही केले. दोष तिथे आहे.

यातून आम्ही स्वतःसाठी एक कसोटी तयार केली आहे. तिचे मूळ ग्राइसमध्येच आहे. ते म्हणतात, बोलण्यातून सूचित होणारा अर्थ आपल्याला एक वाक्य जोडून मागे घेता येतो. "वळणावर गॅरेज आहे, पण ते उघडे आहे की नाही मला माहीत नाही." तेव्हा बोलताना स्वतःला विचारावे: हे वाक्य मी जोडू शकेन का? ते जोडल्याने माझा बेत कोसळणार असेल, तर मी फसवतो आहे हे समजावे. आमच्या पत्रात शेवटी "मुलाच्या सवयींविषयी मी काहीही लिहिलेले नाही, हे लक्षात घ्यावे" अशी ओळ घातली असती तर? बेत कोसळला असता, आणि कदाचित एक मुलगी वाचली असती. मुलाचे नावही आम्ही स्वतःहून बदनाम केले नसते. वडिलांनी त्यालाच समोर बसवून विचारले असते. खरे तर त्याच्या आईला आम्ही म्हणायला हवे होते, "त्याला माझ्याकडे पाठव. आधी तो स्वतः त्यांना सांगेल, मगच मी पत्र देईन." ते अवघड होते, म्हणून केले नाही.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले, की आपले होय ते होय असावे आणि नाही ते नाही. आम्ही आजवर त्याचा अर्थ खोटे बोलू नये एवढाच घेत होतो. आता वाटते, आपले "होय" समोरच्याला जसे ऐकू जाणार आहे, तसेही ते खरे असले पाहिजे.

म्हणून एक ठरवले आहे. यापुढे लग्नासाठी, नोकरीसाठी किंवा शाळेसाठी आमच्या कार्यालयातून जे चौकशीचे पत्र दिले जाईल, त्याच्या शेवटी एक ओळ असेल: "वर लिहिले आहे तेवढेच आम्ही प्रमाणित करतो. न लिहिलेल्या गोष्टींविषयी यातून कोणताही निष्कर्ष काढू नये. त्या संबंधितांनाच समक्ष विचाराव्यात." ही ओळ प्रत्येकाच्या पत्रावर असेल, मग तो कितीही गुणी असो, म्हणजे कुणावर शिक्का बसणार नाही. ती खोडा असा आग्रह कृपया कुणी धरू नये. आणि ज्यांच्याकडे अशी पत्रे येतील त्यांनी फादरांच्या सहीवर न थांबता मुला-मुलीशी मोकळेपणाने बोलावे.

राहिला सातवीतला मुलगा. बाळा, तुझे वाक्य खरे होते आणि आई फसली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. "पुस्तक उघडं होतं, पण मी मोबाइल बघत होतो" असे तुला म्हणता आले असते का? नाही ना? मग तुझे उत्तर तुला मिळाले. आईकडे जा आणि ते उरलेले अर्धे वाक्य पूर्ण कर. ओरडा बसेल, पण तो लवकर संपेल. आमचे अर्धे वाक्य पूर्ण करायला आम्हाला बारा वर्षे लागली.

प्रभूमध्ये तुमचे,
धर्मगुरू